शाईच्या प्रिंटरचें हेड : त्याचीं दुखणीं व उपाय

उलव्यासारख्या नव्या वसाहतींत पुष्कळ घरांतून आतां शाईवर चालणारा लहानसा प्रिंटर असतो. मुलांचे प्रकल्प, परीक्षेचीं प्रवेशपत्रें, भाडेकराराच्या प्रती असें किरकोळ परंतु वेळेवर अडणारें काम तो करतो. हाच प्रिंटर वर्षांतून निदान दोनदां रुसतो. एकदां जून महिन्यांत, सुटी संपवून मंडळी गांवाहून परत आली म्हणजे. आणि एकदां नेमका त्या रात्रीं, जिच्या दुसऱ्या दिवशीं प्रकल्प वर्गांत द्यावयाचा असतो. कागदावर आडव्या पांढऱ्या रेघा येतात, किंवा काळा रंग मुळींच उमटत नाहीं, किंवा तांबड्या फुलाचें पिवळें फूल होतें. मग घरांतील जो कोणी जाणता असेल तो यंत्रास ‘हेड क्लीनिंग’ची आज्ञा देतो, एकदां देतो, पांचदां देतो, दहादां देतो. टाकीतील शाई उतरत जाते, रेघा मात्र तशाच. शेवटीं यंत्र दुरुस्तीस जातें, आणि ‘हेड गेलें’ असा निकाल ऐकून घरचीं माणसें नव्या यंत्राच्या किमती विचारूं लागतात.

हा निकाल पुष्कळदां अवेळीं दिलेला असतो. हेडाचें दुखणें एका प्रकारचें नाहीं; आणि ज्या उपायानें एक बरें होतें त्यानेंच दुसरें बळावतें. म्हणून आधीं ओळखावें, मागाहून धुवावें, हा क्रम ज्यानें पाळला त्याचे पैसे व यंत्र दोन्ही वांचण्याचा संभव अधिक. ओळखण्याची रीति कठीण नाहीं. शाळेंत विज्ञान शिकणाऱ्या मुलास ती सहज साधते, इतकेंच नव्हे तर मोठ्यांपेक्षां लवकर साधते. कारण मोठ्यांस घाई असते.

प्रथम हें हेड म्हणजे काय तें पाहूं. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईस मराठी पंचांग छापलें तें शिळेवरून. पुढें शिशाच्या खिळ्यांचे छापखाने सर्वत्र झाले. दोहोंमध्यें कागद शाई लावलेल्या पृष्ठावर दाबला जाई. आपल्या घरगुती प्रिंटरांत मात्र कागदास कांहींच दाबत नाहीं. हेड कागदापासून जेमतेम एक मिलिमीटर उंचीवरून इकडून तिकडे धांवतें आणि आपल्या तळाशीं असलेल्या शेंकडों सूक्ष्म छिद्रांतून शाईचे थेंब खालीं फेंकतें. ह्या छिद्रांस नोझल म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारें ७० मायक्रोमीटर धरली, तर नोझलाचें तोंड २० मायक्रोमीटरच्या आसपास असतें. म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. थेंब पिकोलिटरांत मोजतात. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक पिकोलिटर. आणि थेंब असतो अशा थोड्याशा पिकोलिटरांचा. एवढ्याशा तोंडांत वाळलेल्या शाईचा कण बसला तर तें बंद पडावें ह्यांत आश्चर्य नाहीं. तें एरवीं उघडें राहतें हेंच आश्चर्य.

थेंब फेंकण्याच्या दोन युक्त्या प्रचारांत आहेत, आणि आपल्या घरीं त्यांतील कोणती आहे हें ठाऊक असणें दुरुस्तीच्या दृष्टीनें अगत्याचें आहे. पहिली उष्णतेची. १९७७ सालीं जपानांत कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेंत इचिरो एंडो यांना असें दिसलें कीं, डाग देण्याची तापलेली इस्त्री शाईच्या पिचकारीच्या सुईस लागतांच सुईच्या टोकांतून शाई उडाली. त्यावरून नोझलामागें एक इवलासा विद्युत्-तापक बसविण्याची कल्पना निघाली. तो क्षणार्धाच्याही अत्यल्प भागांत सुमारें ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, त्याला टेकलेल्या शाईची वाफ होऊन बुडबुडा फुगतो, आणि पुढची शाई थेंब होऊन बाहेर पडते. एचपी कंपनीचे जॉन व्हॉट हेही अमेरिकेंत ह्याच वाटेनें स्वतंत्रपणें पोंचले, आणि १९८४ सालीं त्या कंपनीचा थिंकजेट नांवाचा प्रिंटर बाजारांत आला. दुसरी युक्ति दाबाची. कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां वीज उत्पन्न होते असें झाक व पिएर क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. उलट, वीज दिली असतां तो पदार्थ किंचित् वांकतो. एप्सन व ब्रदर यांच्या हेडांत असाच वांकणारा पापुद्रा शाईस धक्का देतो. तेथें उष्णतेचें काम नाहीं.

ह्यांतून व्यवहाराच्या दोन गोष्टी निष्पन्न होतात. उष्णतेच्या हेडांत शाई हीच तापकास थंड ठेवणारी असते. नोझल कोरडें असतां छापीत राहिल्यास तापक जळतो, आणि जळलेला तापक कोणत्याही धुण्यानें परत येत नाहीं. म्हणून अशा यंत्रांत रंग संपल्यावर ‘आणखी दोन पानें निघतील’ म्हणून ओढाताण करूं नये. दाबाच्या हेडास कोरडेपणाची भीति त्या मानानें कमी. परंतु त्याचा शत्रु हवा. शाईऐवजीं हवेचा बुडबुडा आंत असला तर पापुद्र्याचा सगळा धक्का तो बुडबुडा दबून गिळतो आणि थेंब बाहेर पडतच नाहीं.

शाई वाळते कां, हेंही पाहूं. ती बहुतांशीं पाणी असते. तिच्यांत रंग, आणि लवकर वाळूं नये म्हणून ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन यांसारखा ओलावा धरणारा पदार्थ घातलेला असतो. रंग दोन तऱ्हांचा : पाण्यांत विरघळणारा, आणि न विरघळतां बारीक भुकटीच्या रूपानें तरंगणारा. टाकीच्या पुष्कळ प्रिंटरांत काळा रंग भुकटीचा व बाकीचे विरघळणारे असतात. काळाच आधीं कां अडकतो, ह्याचें एक कारण हें होय. भुकटी एकदां वाळून बसली म्हणजे ती पाण्यानें पुन्हां तितकी सहज सुटत नाहीं.

नोझलें वाळूं नयेत म्हणून यंत्रांत उजव्या किंवा डाव्या टोकाला रबराची एक टोपी असते. काम संपल्यावर हेड तेथें जाऊन बसतें व टोपी त्याचें तोंड झांकते. परंतु हें तेव्हांच घडतें, जेव्हां प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानें बंद केला जातो. भिंतीवरचें बटण दाबून वीज तोडली, तर हेड जेथें असेल तेथेंच उघडें राहूं शकतें. छापतां छापतां वीज गेली तरी तोच प्रकार. अशा वेळीं वीज परत येतांच यंत्र एकदां चालू करून त्याच्या बटणानें बंद करावें. उलव्याचे लोक समुद्राजवळ राहतात, हवा दमट, म्हणून शाई वाळणार नाहीं, असा एक समज ऐकूं येतो. परंतु मे महिन्यांत खिडक्या लावून बंद ठेवलेल्या वरच्या मजल्यावरील खोलीची उष्णता, आणि उघडें राहिलेलें हेड, हीं दोन एकत्र आलीं कीं चार आठवडे पुरे होतात.

आतां निदान. प्रत्येक प्रिंटरांत ‘नोझल चेक’ नांवाची सोय असते. ती चालविली कीं कागदावर प्रत्येक रंगाची, बारीक तुकड्यांच्या रेघांची एक जाळी उमटते. जाळीचा प्रत्येक तुकडा म्हणजे एका नोझलाची हजेरी. तुकडा नाहीं, तर तें नोझल गैरहजर. परीक्षकाप्रमाणें हा कागद वाचावा, आणि वाचून झाल्यावर टाकून देऊं नये. त्यावर तारीख व वेळ घालून ठेवावा. एका कागदावरून फारसें समजत नाहीं. खरें ज्ञान दोन-तीन कागद शेजारीं ठेवून होतें.

तुलना करतांना प्रश्न एकच : रिकाम्या जागा त्याच आहेत, कीं हलल्या आहेत? प्रत्येक कागदावर त्याच जागा रिकाम्या असतील, तर त्या नोझलांत शाई वाळली आहे, किंवा तीं कायमचीं निकामी झालीं आहेत. प्रत्येक सफाईनंतर ह्या जागा थोड्या थोड्या भरत असतील तर शाईच वाळलेली होती, व ती सुटत आहे, असें समजावें. परंतु एका कागदावर वरचे तुकडे गेले, दुसऱ्यावर ते आले व खालचे गेले, असें होत असेल, तर नोझलें चोंदलेलीं नाहींत. आंत हवा शिरली आहे, किंवा शाई पुरेशी पोंचत नाहीं. अशा वेळीं पुन्हां पुन्हां सफाई करणें म्हणजे तान्ह्या मुलाची उचकी थांबविण्यासाठीं त्याला हलवीत राहण्यासारखें आहे. येथें औषध विश्रांतीचें. बारा तास किंवा अधिक यंत्र बंद ठेविलें म्हणजे बुडबुडे शाईंत विरतात किंवा वर निघून जातात.

पान वरच्या भागीं चांगलें उमटून खालीं जातां जातां फिकें होत असेल, तर तोही चोंदण्याचा प्रकार नव्हे. शाई मागून येत नाहीं हा आहे. टाकीतील पातळी पाहावी, नळींत हवेचे लांब तुकडे दिसतात काय तें पाहावें, आणि टाकीचें झांकण किंवा हवा घेण्याची वाट बुजली नाहीं ना तेंही पाहावें. टाकीच्या कांहीं जुन्या प्रिंटरांस वाहून नेतांना शाई अडविण्याची एक खटकी असे. घर बदलल्यावर ती उघडावयाची राहून गेली, एवढ्यावरच हेड बदलण्याची भाषा होते.

याशिवाय कांहीं दोष हेडाच्या नांवावर उगाच खपतात. जाळी पूर्ण उमटली आणि तरी उभ्या रेघा दुहेरी किंवा दांतेरी दिसतात, तर हेड जातांना व येतांना एका रेषेंत छापीत नाहीं. त्यास ‘अलाइनमेंट’ची आज्ञा द्यावी. पावसाळ्यांत कागद दमट होऊन कडा उचलतात, धांवतें हेड त्यांना घांसतें व डाग पडतात. तेथें कागद बदलावा, हेड नव्हे. हेडाच्या वाटेवर एक पारदर्शक पट्टी ताणलेली असते; तिच्यावरील सूक्ष्म रेघा मोजून हेड आपली जागा ओळखतें. तिच्यावर धूळ किंवा शाई बसली कीं हेड भलतीकडे छापतें, कधीं टोकाला धाडकन् आदळतें. उलव्यांत ही धूळ अपूर्वाईची नाहीं. विमानतळासाठीं येथील टेकडी फुटली, इमारतींचीं कामें वर्षानुवर्षें चाललीं. ज्या घरांत रोज टेबल पुसावें लागतें तेथें प्रिंटरावर कापड घालणें ही चैन नव्हे. पट्टी पुसणें झाल्यास किंचित् ओल्या मऊ कापडानें, न ओढतां, अलगद पुसावी.

एक उदाहरण देतों. आमच्या परिचयाचें एक कुटुंब मे महिन्यांत पांच आठवडे कोंकणांत गेलें होतें. निघतांना त्यांनीं भिंतीवरचें बटण बंद केलें, प्रिंटरचें नव्हे. परत आलीं तों मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचे कागद छापावयाचे होते, आणि काळ्या जाळीचे निम्मे तुकडे नाहींसे झालेले. दोन दिवसांत त्यांनीं नऊ वेळां सफाई केली. दुरुस्तीच्या दुकानांत हेड बदलण्यास सांगितलें, व सांगितलेली किंमत नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळपास जात होती. सुदैवानें मुलीनें सर्व कागद ओळीनें जपून ठेविले होते. ते मांडून पाहतां असें दिसलें कीं, पहिल्या तीन कागदांवर त्याच जागा रिकाम्या असून त्या कमी कमी होत होत्या. चौथ्यापासून पुढें रिकाम्या जागा फिरूं लागल्या होत्या. अर्थ स्पष्ट होता. वाळलेली शाई तीन सफायांत बरीचशी सुटली होती. पुढच्या सहांनीं केवळ हवा आंत ओढली. प्रवेशाचे कागद तेवढे स्टेशनाजवळच्या दुकानांतून छापून आणले, प्रिंटर त्याच्या बटणानें बंद करून दोन दिवस तसाच ठेविला, आणि मग एकच सफाई केली. काळी जाळी पूर्ण उमटली. ज्या मुलीनें कागद जपले तिला ह्याचें श्रेय आहे, दुसऱ्या कोणास नाहीं.

सफाईची मर्यादा कंपन्यांनींही घातलेलीच आहे, परंतु ती पुस्तिका कोणी उघडीत नाहीं. एप्सनच्या टाकीच्या अनेक प्रिंटरांच्या पुस्तिकेंत तीन वेळां तपासणी व सफाई करून गुण न आल्यास निदान बारा तास थांबण्यास सांगितलें आहे. कॅननच्या पुस्तिकांत मोठ्या सफाईनंतर चोवीस तास थांबण्यास सांगितलें आहे. ‘पॉवर क्लीनिंग’सारखी जोराची सफाई करण्यापूर्वीं प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली असावी, नाहींतर ती सफाई नळींत हवाच भरते. आणि सफाईंत ओढलेली शाई जाते कोठें? यंत्राच्या तळाशीं शोषून घेणारी गादी असते तींत. यंत्र तिचा हिशेब ठेवतें, आणि ती भरली असें वाटलें कीं काम बंद करतें. दहा-दहा सफाया करणारा मनुष्य हेड वांचवीत नसून गादी भरीत असतो.

विश्रांति देऊनही त्याच जागा रिकाम्या राहिल्या, तरच हातानें धुण्याचा विचार करावा. त्याआधीं टोपी तपासावी. कारण सफाई म्हणजे टोपीनें हेडाचें तोंड घट्ट धरून शाई ओढणें. टोपीच्या कडेला केस, कापसाचा धागा किंवा वाळलेली शाई असली तर ती घट्ट बसत नाहीं व ओढणें व्यर्थ जातें. टोपीची कड आणि शेजारची रबरी पुसणी डिस्टिल्ड वॉटरनें ओल्या केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानें पुसावी. मग टोपींत त्याच पाण्याचे कांहीं थेंब सोडून एक सफाई करावी. पाणी ओढलें गेलें तर पंप ठीक आहे. तसेंच सांचून राहिलें तर दोष पंपाचा किंवा त्याच्या नळीचा आहे, हेडाचा नाहीं. ही परीक्षा बिनखर्चाची असून फार थोडे लोक करतात.

ज्या एचपी व कॅनन यंत्रांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेलें असतें तेथें काम सोपें. कापडाची घडी कोमट डिस्टिल्ड वॉटरनें ओली करून तिच्यावर कार्ट्रिजचें तोंड तीन-चार मिनिटें टेकवून ठेवावें, मग कोरड्या कापडावर हलकेंच टिपावें. रंगाचा स्वच्छ पट्टा उमटला कीं झालें. तांब्याच्या चकत्यांस पाणी लावूं नये. लागल्यास पुसून दहा मिनिटें वाळूं द्यावें. आणि गुण न आल्यास नवी कार्ट्रिज म्हणजे नवें हेडच. कॅननच्या टाकीच्या कित्येक प्रिंटरांत काळ्याचें व रंगांचें अशीं दोन हेडें काढतां येतात. त्यांनाही हाच उपाय, अधिक जपून. एप्सनच्या टाकीच्या यंत्रांत हेड घरीं काढण्याच्या भरीस पडूं नये. टोपीच्या स्पंजावर डिस्टिल्ड वॉटरचे दोन-चार थेंब टाकावे, हेड तीवर बसवून यंत्र रीतसर बंद करावें, आणि रात्रभर सोडून द्यावें. वाळलेली शाई मऊ होण्यास वेळ लागतो, जोर लागत नाहीं.

डिस्टिल्ड वॉटरच कां? नळाच्या पाण्यांत क्षार विरघळलेले असतात; पाणी वाळतें व क्षार नोझलाच्या तोंडाशीं राहतात. बॅटरीच्या दुकानांत हें पाणी अल्प किमतींत मिळतें, तेव्हां येथें काटकसर नको. नखांचा रंग काढण्याचें द्रव्य हेडाचा गोंद व प्लास्टिक खातें. तें जवळही आणूं नये. टांचणी, दंतकोरणी, तोंडानें फुंकर, सुईच्या पिचकारीनें जोरानें पाणी मारणें, हीं सर्व वर्ज्य. पिचकारीच्या जोरानें आंतले पापुद्रे फाटलेलीं हेडें दुरुस्तीवाल्यांकडे येत असतात. एका कंपनीची भुकटीची शाई दुसऱ्या टाकींत ओतणें हेंही टाळावें; दोन शायांचें जमलें नाहीं तर त्यांचा गाळ होतो, आणि तो गाळ कोणत्याही पाण्यानें निघत नाहीं.

प्रतिबंध फार साधा आहे. आठवड्यांतून एकदां सर्व रंग असलेलें एक पान छापावें. सुटीवर जातांना यंत्र त्याच्या बटणानें बंद करून दिवा विझेपर्यंत थांबावें, मगच भिंतीवरचें बटण दाबावें, आणि वर कापड घालावें. शेजाऱ्याकडे किल्ली असेल तर एखादें पान छापून ठेवण्याची विनंति त्यास करण्यास हरकत नाहीं. झाडांस पाणी घालण्यास तो येतोच.

हेड खरोखरच गेलें असें केव्हां म्हणावें? टाकी भरलेली, नळी भरलेली, टोपी पाणी ओढते, विश्रांति झाली, भिजवणें झालें, आणि तरीही तीन-चार कागदांवर हुबेहूब त्याच जागा रिकाम्या, अथवा एका रंगाचें एकही नोझल हजर नाहीं, तर आंतला तापक किंवा विजेची वाट तुटली असें मानण्यास आधार आहे. हेड काढतां येणारें असल्यास नवें घ्यावें. न काढतां येणारें असल्यास बदलण्याचा खर्च व नव्या यंत्राची किंमत शेजारीं मांडून ठरवावें. पण त्यापूर्वीं हें पाहावें कीं घरचें काम बहुतांशीं काळ्याचेंच आहे काय, आणि रंगांतील चार-दोन रेघा गेल्या तरी भागतें काय. भागत असेल तर तें यंत्र अजून टाकण्याजोगें झालेलें नाहीं. टाकावेंच लागलें तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर न चढवितां नोंदणीकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावें. १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आलेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटरही येतात. टाकींत उरलेली शाई मोरींत ओतूं नये. टाकीचें तोंड घट्ट लावून यंत्राबरोबरच ती द्यावी.